काचांचं वाळवण

माणसं मी विसरते, फसलेले सौदे विसरत नाही. म्हणून मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमधल्या माझ्या घरमालकिणीची, ताईची, आठवण निघाली की तिचा चेहरा नंतर येतो. आधी येते ती एक लेन्स.

रविवारचा जुना बाजार होता. लोक गाडीची डिकी उघडतात आणि घरातली अडगळ चादरीवर मांडून बसतात, तसला. एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या चादरीवर, बागेच्या पाइपाशेजारी, कॅमेऱ्याची जुनी लेन्स पडली होती. जड, रंग उडून आतलं पितळ दिसायला लागलेली, समोरची काच भली मोठी. ताईबरोबर हिंडून मला एवढं कळायला लागलं होतं की ही वस्तू पाइपाशेजारी पडायच्या लायकीची नाही. मी आधी पाइपाचा भाव विचारला. मग एका किटलीचा. मग निघता निघता, सहज, लेन्सकडे बोट दाखवलं. त्याने सांगितलेल्या आकड्याला मी हसले. तो खाली आला. मी पाठ फिरवली. तो आणखी खाली आला. मी पर्सची चेन उघडली, आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावरून ताईचं डोकं पुढे आलं.

"सर, घाई करू नका. काच चांगली आहे. ही पोट्टी तुम्हाला लुटून राहिली." बोलली ती इंग्रजीतच, पण मला ते असंच ऐकू आलं.

म्हाताऱ्याने लेन्स उचलली, फुंकर मारली, उजेडाकडे धरली. "माय डॅड्स," म्हणाला, आणि ती परत चादरीवर न ठेवता कोटाच्या खिशात टाकली. संपला सौदा.

गाडीचं दार मी आपटून लावलं. तीच म्हणाली, "त्याच्या बापाची होती ना बे. एकदा तरी त्यानं तिच्यातून पाहायला नको?"

"मग विकायला कशाला आणली त्याने?"

"पाहिलं नव्हतं म्हणून."

माझे वडील आठवडी बाजारात मोड घेऊन स्टीलची भांडी द्यायचे. घासाघीस हा आमच्या घरचा अभ्यास होता. इथे मी विद्यार्थी म्हणून आले, ऑफिसांचे संडास धुतले, आणि आज माझ्या स्वतःच्या सफाईच्या गाड्या मेलबर्नभर फिरतात. तरी त्या लेन्सचा राग गेलेला नाही. आणि मी तो सोडायलाही तयार नाही.

*

ती नागपूरची. हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात तिचा जन्म गेला होता, आधी तिथे, मग इथे. रिटायर झाल्यावर घरातल्या खोल्या तिने विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली. ती वर्षं विद्यार्थ्यांच्या पुराची होती. फॉस्टर स्ट्रीटवरच्या प्रत्येक किराणा दुकानाच्या काचेवर 'रूम अव्हेलेबल'चे कागद एकावर एक चिकटवलेले असत आणि एकेका हॉलमध्ये गाद्या टाकून पाच-पाच पोरं झोपत. तिच्याकडे मात्र एका खोलीत एकच माणूस. आणि खोली देण्याआधी परीक्षा.

मी गेले तेव्हा तिने पासपोर्ट पाहिला नाही, कॉलेजचं नाव विचारलं नाही. हातात कॅमेरा दिला. कॅमेरा अगदी नवा, डिजिटल, आणि त्याच्या तोंडाला माझ्या आईच्या वयाची लेन्स. दोघांचा जोड बसावा म्हणून मधे एक धातूचं कडं. "त्या लिंबावर फोकस कर," ती म्हणाली.

मी बटण शोधायला लागले.

"बटण नाही. रिंग फिरव."

मी फिरवली. स्क्रीनवर पिवळा ढग होता, त्याचं हळूहळू लिंबू झालं, सालीवरचे बारीक खड्डेसुद्धा दिसले, आणि मग परत ढग झाला.

"आलं होतं ना? मग पुढे काऊन गेली?"

"अजून चांगलं दिसेल वाटलं."

"हं," ती म्हणाली. "तू भांडकुदळ आहेस. पण खोटी नाहीस. सामान आण."

आधी एका मुलाला तिने खोली नाकारली होती, कारण त्याने रिंग न फिरवताच "परफेक्ट, आंटी" म्हटलं होतं. आंटी म्हटलेलंही तिला खपायचं नाही. अठरा वर्षांच्या पोरापासून साठीच्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ताईच म्हणायचं.

माणसं ती लेन्सच्या हिशेबाने ओळखायची. अमका लांबून बरा, जवळ गेलं की धूसर. तमकीच्या कडा फार धारदार, मधे काही नाही. नवऱ्याबद्दल मी एकदाच विचारलं. तो बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून गेला होता.

"तो ऑटोफोकस होता," ती पोळी उलटत म्हणाली. "चटकन लागायचा. पण भलत्यावरच."

ऑटोफोकसशी तिचं वैर नव्हतं तसं. "चांगली सोय आहे," म्हणायची. "कुत्रं पळून राहिलं असेल तर तेच पाहिजे. पण माणूस समोर बसला असेल तर घाई कोणाला आहे?" तिच्या कॅमेऱ्यात एक सोय होती. फोकस जिथे बसेल तिथे स्क्रीनवर लाल कडा चमकायच्या. ती तिने बंद करून टाकली होती. "लाल शाई मास्तरांना लागते."

फोटो काढायची तिची रीतही उलटी. अंतर आधी ठरवायची, रिंग तिथे लावून ठेवायची, आणि मग स्वतःच पाण्यातल्या बगळ्यासारखी पुढे-मागे डुलायची. समोरचा माणूस त्या अंतरात आला की बोट दाबायची. त्याआधी, एक्स-रेच्या सवयीने, "श्वास घ्या. धरा." बोट दाबल्यावर, "सोडा." आमच्या घरात येणारा पोस्टमनसुद्धा दारात श्वास धरून उभा राहिलेला मी पाहिलाय.

आणि ते वाळवण. जुन्या लेन्सना दमटपणाने बुरशी धरते, काहींच्या काचा वयानुसार चहासारख्या पिवळ्या पडतात. दोन्हीवर औषध एकच, ऊन. रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत जुन्या साडीची घडी घालायची आणि त्यावर लेन्स मांडायची, आमच्याकडे सांडगे घालतात तशा ओळीने. सूर्य सरकेल तसं त्यांना फिरवायचं. घरात जो असेल त्याने. मी पहिल्यांदा फिरवल्या तेव्हा मागची झाकणं लावायला विसरले. काचेतून ऊन एका ठिपक्यावर एकवटलं आणि पडद्यातून धूर निघाला. ती धावत आली, पडदा विझवला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाहिलं? चाळीस वर्षं कोणाच्या तरी कपाटात होती. अजून जीव आहे."

मी मनात म्हटलं, पडद्याचे पैसे मागितले तर मी भांडणार. तिने मागितले नाहीत. तिच्याशी भांडण उभंच राहायचं नाही, हीच तर माझी तक्रार होती. दुकानात सांगतील तो भाव द्यायची. प्लंबर म्हणेल त्या दिवशी थांबायची. कोणी काही काढून घेतलं तर "नो वरीज" म्हणून बाजूला व्हायची. पहिला भाव मान्य करणाऱ्या माणसांनी माझ्या अंगाची आग होते.

*

आमच्या भागातल्या मंडळाच्या दिवाळीचे फोटो अनेक वर्षं तीच काढायची. फुकट. त्या वर्षी सेक्रेटरीचा फोन आला. समीर त्याचं नाव, पुण्याचा, आयटीतला, माझ्याहून थोडा मोठा. ताईने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण हातात पीठ होतं.

"ताई, यंदा आपण एका प्रोफेशनल मुलाला बोलावतोय. तुम्ही मस्त एन्जॉय करा प्रोग्रॅम. दरवर्षी काम काम."

"नो वरीज," ताई म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी खिडकी रिकामी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. साडीची घडी नुसतीच उन्हात पडलेली. मी विचारलं, "आज लेन्स नाही मांडल्या?"

"ढग येऊन राहिले ना."

बाहेर ढगाचा पत्ता नव्हता. ती खुर्चीत बसून टीव्हीवरचं क्रिकेट बघत होती, आणि तिला क्रिकेट कळत नव्हतं. तिच्याकडे कोणी येत-जात नसे. वर्षभर ज्या काचांना ती ऊन दाखवायची, त्या लोकांसमोर जायच्या त्या एकाच संध्याकाळी. ती संध्याकाळ गेली तर खिडकी अशीच राहणार, हे मला लख्ख दिसलं. लेन्सचा राग होताच. पण तिला असं मुकाट्याने मोडीत निघताना बघून त्याहून मोठा राग आला. मी समीरला गाठलं. तो वूलवर्थ्स सुपरमार्केटात ट्रॉली ढकलत होता.

"ताईला काढून टाकलंस?"

"काढलं नाही गं. मोकळं केलं."

"हा शब्द ऑफिसात शिकलास का?"

"हे बघ, मागच्या वर्षी नाचात तीन मुलं धूसर आली. आयांनी मला ग्रुपवर फाडून खाल्लं. स्टेजवर पोरं धावतात, ताई रिंग फिरवत बसतात. माझं चुकतंय का सांग."

चुकत नव्हतं. पण समोरच्याचं बरोबर आहे म्हणून सौदा सोडायचा, असं वडिलांनी मला शिकवलेलं नाही. नको असलेली गोष्ट आधी मागायची, हे शिकवलंय. मी म्हटलं, "स्टेज ताईच करेल. तुझा मुलगा जेवणाचे फोटो काढेल."

"शक्य नाही."

"मग दोघं स्टेजवर."

"अगं, वेडी आहेस का?"

"बरं, स्टेज तुझ्या मुलाला. ताईला फक्त एक खिडकी दे. एक खुर्ची. माणसं एकेक करून बसतील, ती फोटो काढेल. प्रोग्रॅमच्या आधी."

तो ट्रॉलीवर रेलून हसला. "लोक रांगेत उभे राहतील? सामोसे सोडून?"

"तुला काय फरक पडतो?"

"अर्धा तास," तो म्हणाला. "फराळ चालू असतो तेव्हा. पण एक अट. कोणी आलं नाही तर पुढच्या वर्षी हा विषय परत काढायचा नाही. तू पण नाही आणि ताई पण नाहीत."

"डन."

घरी येऊन सांगितलं तर ताई भडकली. मी तिला तशी पहिल्यांदाच पाहिली.

"मी तुला सांगितलं होतं काय भीक मागायला?"

"भीक नाही. भाव केला. त्याने पहिला सांगितला आणि तुम्ही घेतलात."

"तो भाव नव्हता बे. निरोप होता."

"निरोपसुद्धा थोडा कमी करून घेता येतो, ताई."

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, पण नीट लावून घेतलं. सकाळी मी उठले तेव्हा खिडकीत साडीवर सगळ्या लेन्स मांडलेल्या होत्या. ती त्यातली एक उचलून उन्हात बघत होती. म्हणाली, "हॉल पाहायला जाऊ. खिडकी कोणत्या दिशेला आहे ते पाहून घेतलं पाहिजे."

*

हॉल काउन्सिलचा, जुना. ताईने सगळ्या खिडक्यांसमोर माझा चेहरा धरून पाहिला आणि दक्षिणेकडची निवडली.

"इथे सूर्य उत्तरेकडून जातो. तिकडून ऊन येते, डोळे बारीक होतात. मऊ उजेड पाहिजे तर दक्षिण. नागपूरला असती तर उत्तरेची घेतली असती."

मलाही पटलं. आमच्या दोघींच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि मला उजेडाशी मतलब होता.

दिवाळीच्या संध्याकाळी, बाहेर अजून चांगला उजेड असताना, खुर्ची मांडली. बसणाऱ्याचं तोंड खिडकीकडे. ताई खिडकीच्या कडेला, उजेड अडणार नाही अशी, गळ्यात कॅमेरा, अंगावर ठेवणीतली निळी साडी. एक काकू आल्या. पोरांना भेटायला भारतातून आलेल्या. हौसेने पदर सावरला, खुर्चीपाशी आल्या आणि थबकल्या.

"ही कुठली दिशा गं?"

"दक्षिण," ताई सरळ म्हणाली.

"अगंबाई. दिवाळीच्या दिवशी यमाकडे तोंड करून बसू?" आणि त्या गेल्या.

बातमी सामोशांच्या टेबलापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. मोठी माणसं लांबूनच खुर्चीकडे बघायला लागली. मोठी येईनात म्हणून लहान येईनात. मी जाऊन एकेकाला पकडलं. "काका, यमदीप लावताना दक्षिणेलाच बघता ना?" "तो दिवा आहे, बाळ, मी नाही." एका विद्यार्थ्याला हाताला धरून आणलं, तर तो म्हणाला, "दीदी, आईला फोटो पाठवला आणि तिने विचारलं, तोंड कुठल्या दिशेला होतं, तर?" माझा आवाज चढला. भूगोल शिकवला, विज्ञान शिकवलं, शेवटी अक्कल काढली. जी दोन माणसं विचारात होती तीही गेली.

"सोड," ताई म्हणाली. "खुर्ची फिरव."

"फिरवली तर उजेड?"

"पाठीवर येईल. चेहरे काळे." तिने कॅमेरा हातात नुसताच धरला होता. "मग नको फिरवू."

"म्हणजे काय करायचं?"

"बसायचं." आणि ती स्वतःच त्या रिकाम्या खुर्चीवर बसली, खिडकीबाहेर बघत. स्टेजवर माइकची तपासणी सुरू झाली होती. अर्धा तास संपत आला होता. समीर लांब उभा होता. हसत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो घड्याळ बघत होता.

तेवढ्यात त्याची आई आली. मूळच्या सोलापूरकडच्या, ठेंगण्या, हातात फराळाची डिश. पंधरा दिवसांपूर्वीच आलेल्या आणि थंडीला वैतागलेल्या.

"का हो, मोकळं का सगळं?"

"दक्षिण आहे म्हणून," मी फणकाऱ्याने म्हटलं.

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पार्किंग, निलगिरीची झाडं, लांबवर राखाडी आभाळ.

"ह्याच्या पलीकडं काय आहे?"

"समुद्र," ताई म्हणाली. "मग बर्फ. पेंग्विन."

त्या चिवडा खात विचार करत राहिल्या. "मी आल्यापासून बघतीय. सूर्य इकडून न जाता तिकडून जातो. दिवाळी झाली की म्हणे उन्हाळा लागतोय. चंद्रसुद्धा उलटा दिसतो, सुनेला दाखवला मी. सगळंच जर उलटं, तर यम काय तिकडं बर्फात एकटा बसून राहणार आहे?" डिश त्यांनी माझ्या हातात दिली. "त्यानं पण घर बदललं असेल. उठा ताई, बसू द्या मला."

टेबलापाशी कोणीतरी मोठ्याने हसलं. ताई उठली. अंतर ठरवलं, रिंग लावली, आणि डुलायला लागली.

"आता हसू का?"

"हसू नका. श्वास घ्या. धरा."

त्यांनी छाती भरून श्वास धरला. त्या मऊ उजेडात, श्वास धरता धरता, त्यांचा वैतागलेला चेहरा हळूहळू सैल झाला. स्क्रीनवर मी पाहिलं. आधी पांढरा धूसर ढग, मग नथ, मग डोळे. सुरकुत्यांची एकेक रेघ, आणि मागे सगळा हॉल विरघळलेला, पणत्यांचे नुसते सोनेरी गोळे झालेले.

"सोडा."

त्यांनी फोटो पाहिला. बराच वेळ. "हे माझ्या आईसारखं दिसतंय," म्हणाल्या, आणि वळून हाक मारली, "अहो जोशीबाई, या इकडं. यम नाही इथं."

जोशीबाई आल्या. मघाच्या काकू आल्या. मग ती पोरं आली, फॅक्टरीतून थेट आलेली, बुटांना धूळ, एकमेकांचे कोट घालून. त्यांना आईला पाठवायला असा फोटो हवा होता ज्यात आपण नीट जेवतो असं दिसेल. रांग सामोशांच्या टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेली. ताईला घाई नव्हती. एकाला विचारत होती, कुठला रे तू? अमरावतीचा? मग तोंड का पुण्यासारखं केलंस? तो हसायचा, हसून झाल्यावर जो चेहरा उरायचा तो ती काढायची.

अर्धा तास केव्हाच उलटला होता. समीर आला. मी कंबर कसली.

"प्रोग्रॅम सुरू करायचाय," तो म्हणाला.

"कर की," रांगेतून त्याची आई म्हणाली. त्या परत रांगेत उभ्या होत्या. "मला तुझ्याबरोबर एक काढायचाय. बस आधी."

"आई, मी सेक्रेटरी आहे, लोक थांबलेत."

"मी पण थांबलीय. बस."

तो बसला. गळ्यातलं कार्ड, हातात माइक, तोंड दक्षिणेला. आई मागे उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताई डुलायला लागली. तो तसाच, मान न हलवता, म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी किती वेळ ठेवू तुमच्यासाठी?"

मी तोंड उघडलं. दीड तास आणि दोन खिडक्या, एवढं माझ्या जिभेवर आलं होतं. ताईने कॅमेऱ्याआडूनच एक हात वर केला, मला गप्प बसवायला की त्याला, ते कळलं नाही.

"बोलू नका कोणी," ती म्हणाली. "आत्ता येऊन राहिला तो."